येथे रडू नये

आमच्या शेजारच्या घरात रडायला बंदी होती. आणि ती तोंडी नव्हे, चांगली लेखी. दाराच्या चौकटीवर पत्र्याची पाटी, पाटीवर पांढऱ्या रंगात एक ओळ मराठीत, ‘येथे रडू नये’, आणि खाली तीच ओळ उर्दूत, कारण राज्य निजामाचं होतं. ज्यांना दोन्ही वाचता येत नव्हत्या त्यांना यादवराव स्वतः दारात उभे राहून वाचून दाखवायचे.

यादवराव आमच्या हिंगोलीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दिवसभर दवाखाना आणि संध्याकाळी घरी गळवं फोडणं, काटे काढणं, कान धुणं. आता मला सांगा, गळू फोडून घ्यायला आलेला माणूस रडणार नाही तर काय करणार? पण नाही. एकदा पुसेगावचा एक पैलवान आला, मांडीला लिंबाएवढं गळू. यादवरावांनी चाकू टेकवला आणि गड्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. झालं! चाकू तिथंच थांबला. “उठा, उठा, भाईर चला,” म्हणत यादवरावांनी त्या लंगडणाऱ्या पैलवानाला दंडाला धरून अंगणात नेलं, खिशातनं काचेची बारीक नळी काढून त्याच्या डोळ्याखाली धरली, चांगले आठ-दहा थेंब जमवले, त्याचं तोंड धुतलं, पुसलं आणि मग परत आत नेऊन उरलेलं गळू फोडलं. पैलवान जाताना मला म्हणाला, “बाई, फोडायची काय तकलीफ न्हाई झाली, पण हे काहून केलं म्हणावं यांनी?”

मलाही तोच प्रश्न होता. घरात रडू देत नाही आणि अंगणात रडलेलं वाया जाऊ देत नाही, असा माणूस कुणी पाहिलाय का?

आणि अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून राहायची कोण, तर मी. माझं रडणं आळीत प्रसिद्ध होतं. मला निमित्त लागायचं नाही. माहेरचं पत्र आलं की रडायची, नाही आलं की त्याहून जास्त. भाकरी करपली तरी रडू, पुरणपोळी चांगली फुगली तरी रडू. आमचे हे कापसाच्या जिनिंगात कारकून होते, ते म्हणायचे, “हिला घेऊन नाटकाला जाणं म्हणजे सोबत पंचा न्यावा लागतो.” यादवरावांना मात्र माझी फार कदर. भिंतीवरनं हाक यायची, “वहिनी, हाय का आज काही?” जसं काही ताक मागतोय! आणि मी डोळे पुसत नळी धरून उभी. “तुमचं पाणी अव्वल आहे वहिनी. साऱ्या हिंगोलीत असं पाणी न्हाई.” कुणी माझ्या रडण्याची तारीफ केलेली मी जन्मात तेवढीच ऐकली. मला आवडायचीही, खोटं कशाला बोलू.

एक दिवस मी हट्टाला पेटले. म्हटलं, “भावजी, करता काय त्या पाण्याचं ते दाखवा, न्हाई तर आजपासून थेंब देणार न्हाई.”

त्यांनी मला अंगणातल्या स्टुलाशी बसवलं. एका नळीत गढूळ पाणी आणलं, तांदूळ धुतलेलं असतं तसं, जरा पिवळट. “यात लाखो जंतू आहेत. गरीब जात आहे, कुणाला काही करत न्हाईत.” मग माझ्या सकाळच्या आसवांचे दोन थेंब त्यात सोडले आणि नळी मुठीत ऊबेला धरली. बसलो. एक विडा खाऊन होईतो ते गढूळ पाणी हळूहळू असं निवळलं, असं निवळलं, की पलीकडची तुळस स्वच्छ दिसायला लागली. मी तोंडाला पदरच लावला.

“गेले कुठं सगळे?”

“विरघळले. वहिनी, जंतूला भिंत असते, आपल्या घराला असते तशी. आसवांत अशी एक चीज आहे, ती त्या भिंतीच्या विटा सुट्ट्या करते. भिंत गेली की जंतू फुटला. थुंकीत पण आहे, नाकाच्या पाण्यात पण आहे, अंड्याच्या पांढऱ्यात तर भरपूर आहे.” हे सगळं ते हैद्राबादेत शिकले होते, एका मोठ्या डॉक्टरसाहेबाच्या हाताखाली, बाटल्या धुता धुता.

“मग आसवांनी प्लेग बरा होईल?”

यादवराव म्हणाले, “न्हाई. तिथंच तर गाडं अडलं. ज्यांच्यानं माणूस मरतं, त्यांच्या भिंती दगडी. प्लेग, कॉलरा, बाळंतिणीचा ताप, ते आसवांना ऐकत न्हाईत. आसवं गरिबालाच मारतात. पण मी शोधून राहिलो. एखादं पाणी असं निघंल.”

म्हणून तो माणूस पाणी गोळा करत हिंडायचा. कोणाच्या पाण्यानं नळी किती वेळात निवळते ते वहीत लिहायचा. लग्नात जेवायला थांबायचा नाही, पाठवणीला मात्र हजर. एकदा नवरीची आई पोरीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतेय आणि यादवराव मधे नळी घेऊन, “बाई, अगोदर काजळ पुसा. काजळाचं पाणी चालत न्हाई.” वऱ्हाडातल्या चौघांनी उचलून मांडवाबाहेर ठेवलं त्यांना. घरी आल्यावर मला म्हणतात, “कांदा चिरतानाचं घेतलं, पाठवणीचं घेतलं, वहिनी, दोन्ही बराबर निघाले. जंतूला समजत न्हाई, पाणी कांद्याचं आहे का काळजाचं.” मला असला राग आला! म्हटलं, “तुमच्या जंतूला नसंल समजत, तुमाला तर समजतंय ना?” त्या दिवशी मी नळी भरून दिली नाही.

आता त्यांच्या घरातली दुसरी गंमत. माणूस माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला पाण्यावर. आणि दर आठव्या दिवशी घरात हाडं शिजायची! वासानं आळी हैराण. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या, त्या एकदा भांडायलाच गेल्या. यादवराव हात जोडून म्हणाले, “आई, मी खात न्हाई हो. ते खातात.”

“ते कोण?”

“लेकरं.”

लेकरं म्हणजे ते पिवळे जंतू. हाडांचं पाणी काढायचं, हैद्राबादेहून चायना ग्रास मागवायचं, त्यात घालून ते बर्फीसारखं थिजवायचं आणि झाकणाच्या काचेच्या बशीत त्याच्यावर जंतूंना चरायला सोडायचं. आठ दिवसांत खाऊन संपलं की नव्या बशीत. या बशा ठेवायला भिंतीत कोनाडा, कोनाड्याला पडदा. आपल्याकडं देव ठेवतात तसा.

सासूबाईंना ते काही पटलं नाही. त्यांचं म्हणणं, घरात बाई ठेवलीय. कारण दिवेलागणीला भिंतीपलीकडनं बोलणं ऐकू यायचं. आम्ही दोघी सासवा-सुना भिंतीला कान लावून उभ्या. यादवराव म्हणत होते, “आज दवाखान्यात लई गर्दी. साहेब उखडला माझ्यावर. औंढ्याचा एक म्हातारा आला होता, त्यानं दातच गिळला...” मग जरा हसले, एकटेच. मग म्हणाले, “चला, मी जेवून घेतो.” आणि एका ताटाचा आवाज आला. सासूबाईंनी भिंतीवरचा कान काढला आणि म्हणाल्या, “बाई न्हाई गं. कुणीच न्हाई.” त्या रात्री त्यांनीच मला वाटीभर पिठलं घेऊन तिकडं धाडलं.

असं दहा-बारा वर्षं चाललं. सासूबाई गेल्या. माझी मुलगी वसमतला दिली, तिच्या पाठवणीला मी दीड नळी भरून दिली. देशभर गडबड सुरू होती, पण यादवरावांची अडचण वेगळीच. त्यांना मूळव्याधीनं गाठलं. बसता येईना. दवाखान्यातल्या साहेबानं सांगितलं, नांदेडला जाऊन कापून घ्या, तीन आठवडे लागतील.

त्या दिवशी यादवराव पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. हातात पंच्यात गुंडाळलेल्या दोन बशा.

“वहिनी, तुमचं विरजण किती वर्षांचं आहे?”

मी म्हटलं, “सासूबाईंच्या सासूबाईंचं आहे. एक दिवस चुकलं न्हाई.” आणि ते खरं होतं. आमच्या घरी दह्याची कवडी शेजारनं मागून आणायची वेळ कधी आली नाही.

“म्हणूनच तुमच्याकडं आलो. हे पण विरजणच आहे. आठ दिवसांनी नव्या बशीत लावायचं, एवढंच. खायचं तयार करून ठेवलंय, झाकलेलं. उकळून गार केलेल्या पाण्यात जुनं धुऊन घ्यायचं, गढूळ झालं की चमच्यानं नव्यावर सोडायचं. फक्त...” ते अडखळले. “फक्त रडायचं न्हाई.”

मी हसले. म्हटलं, “एवढे जंतू पडलेत हवेत, मेले तर दुसरे धरा की.”

“दुसरे न्हाई चालणार.” त्यांनी बशी जमिनीवर ठेवली आणि खाली बघत बोलले. “चौदा वर्षं झाली, हैद्राबादेत मी एकदा अशी बशी घरी आणली होती. सुभद्रेनं, माझ्या बायकोनं, विचारलं, हे काय आहे? आणि मी ‘हात लावू नको’ म्हणेपर्यंत बोट टेकवलं तिनं. मी रागावलो. दोन दिवसांनी बघतो तर तिथं पिवळे ठिपके, बरोब्बर बोटाच्या आकारात. तिला लई मजा वाटली. म्हणाली, टाकू नका, माझं आहे ते. मग दोन महिन्यांनी बाळंतपणात ताप आला. ती गेली, लेकरू पण गेलं. हे राहिलं.”

माझे डोळे भरले.

“मागं व्हा!” यादवराव ओरडलेच. बशा उराशी धरून तीन पावलं मागं गेले. “वहिनी, मागं व्हा! भाईर जाऊन रडा!”

आणि मी, माझ्याच स्वयंपाकघरातनं, अंगणात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी ते रेल्वेनं गेले, काखेत उशी घेऊन. मी बशा देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवल्या. पहिला आठवडा बरा गेला. मी पदर नाकाला बांधून काम करायची, कांदा चिरायचा बंद केला, माहेरचं पत्र आलं तर यांना म्हणायची, “तुम्हीच वाचा आणि फक्त चांगलं तेवढं सांगा.” नव्या बशीत पिवळं झकास उगवलं. पण दिवस श्रावणाचे. दोन बशांतल्या एकीला ओलीनं हिरवी बुरशी धरली, ती टाकावी लागली. उरली एक.

दुसऱ्या आठव्या दिवशी मी हात धुऊन बसले. पिवळं सगळं पाण्यात धुतलं, वाटीत छान गढूळ झालं. चमचा उचलणार, तेवढ्यात दारातनं पोस्टमननं कार्ड आत टाकलं. नांदेडचं. उघडंच कार्ड, नजर गेलीच. स्वतःच्या तब्येतीचा एक शब्द नाही. “सौ. वहिनींस नमस्कार. सुभद्रा कशी आहे? तिला ओल सोसत नाही. इथं कोणी बोलायला नाही. तिच्याशी संध्याकाळी दोन शब्द बोलत जावे, ही विनंती.”

संपलंच. मला कळायच्या आत थेंब पडले, वाटीत. एक न्हाई, दोन न्हाई, साऱ्या हिंगोलीत अव्वल म्हणून नावाजलेलं माझं पाणी! मी वाटी उचलून उजेडाला धरली. देवा, थांब रे, म्हणत राहिले. पण ते थांबणारं का होतं? माझ्या डोळ्यांदेखत वाटी निवळत गेली. तळाची फुलाची नक्षी दिसायला लागली. तरी मी ते पाणी नव्या बशीवर ओतलं, चार दिवस वाट पाहिली. काही म्हणजे काही उगवलं नाही.

चौदा वर्षं सांभाळलेली बाई मी एका कार्डापायी मारली.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, “जंतूच ते, दुसरे धरून दे, त्याला काय कळतंय.” आणि माझी बुद्धी फिरली. शेवटची कोरी बशी होती. मी झाकण काढलं आणि माझं बोट टेकवलं. तिसऱ्या दिवशी ठिपके आले, पुष्कळ पांढरे, तीन-चार पिवळे. पिवळे तेवढे तारेच्या टोकानं उचलून मी बशीच्या दुसऱ्या कडेला लावले, पांढऱ्यांचा भाग चमच्यानं खरवडून टाकला. आणि हो, रोज संध्याकाळी त्या बशीशी बोलले. “सुभद्राबाई, माफ करा,” एवढंच बोलले.

यादवराव आले. निम्मे झाले होते. उभ्या उभ्याच म्हणाले, “कुठं आहे?” मी बशी दिली, दुसरी बुरशीनं गेली म्हणून सांगितलं. त्यांनी भिंग काढलं आणि दारातल्या उजेडात किती तरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी झाकण लावलं, पंच्यात गुंडाळलं.

“बराबर आहे. लई चांगलं सांभाळलं वहिनी. उपकार झाले.”

सुटले, असं वाटायला हवं होतं. मला जेवण गेलं नाही.

सकाळी अंगण झाडायला गेले तर शेजारच्या चौकटीवर पाटी नव्हती. चार खिळ्यांची भोकं होती नुसती. यादवराव ओट्यावर बसले होते, उशीवर. मी खराटा बाजूला ठेवला.

“भावजी, मी फसवलं तुमाला. ती गेली. माझ्या हातानं गेली. ते बोट माझं आहे.”

“ठाऊक आहे,” यादवराव म्हणाले. “सुभद्रेचा पिवळा लिंबाच्या सालीसारखा होता. हा हळदीवर जातो. चौदा वर्षं बघून राहिलो मी, समजणार न्हाई का?”

“मग काल बराबर काहून म्हणला?”

“बशी देताना तुमी माझ्याकडं बघितलं न्हाई. आणि माझ्यासाठी एवढी धडपड कुणी केली होती, सांगा? बुरशी आली तेव्हाच तुमी सोडून देऊ शकत होता.”

मग पाटीच्या भोकांकडं बघत म्हणाले, “सुभद्रा गेली ना वहिनी, त्याच दिवशी बशी बदलायची होती. म्हणलं, अगोदर ती बदलून घेऊ, मग रडू. मग पुढल्या आठ दिवसांनी. मग त्याच्या पुढल्या. ते कधी झालंच न्हाई. डोळा भरला की वाटायचं, उरलंय तेवढंही जाईल.”

आणि रडले. पन्नाशीचा माणूस, लेकरासारखा, मोठ्यानं, ओट्यावर बसून. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. मी, आळीतली नंबर एकची रडकी, तिथं कोरडी ठणठणीत उभी! रडता रडता त्यांचा हात सवयीनं खिशात गेला आणि नळी बाहेर आली. मी ती ओढून घेतली. म्हटलं, “ही नळी आता मिळणार न्हाई. एवढं पाणी तरी जमिनीवर पडू द्या.” आणि पडू दिलं त्यांनी.

मला वाटलं, आता हाडांचा वास संपला. पण आठव्या दिवशी भिंतीवरनं आलाच. मी वाकून पाहिलं. यादवराव चुलीशी, पातेल्यावर झाकण म्हणून ती ‘येथे रडू नये’ची पाटी, आणि शेजारी माझ्या बोटाची बशी, नव्या घरी जायला तयार.

“आता कुणासाठी हो हे?” मी विचारलं.

“तुमचं बोट आहे, वहिनी. उपाशी कसं ठेवू?”

“आणि मेलं तर?”

त्यांनी पातेलं ढवळलं, बशीवरचं झाकण उघडंच होतं, आणि डोळे ओले होते तरी ते मागं सरले नाहीत.

“मेलं तर मेलं,” यादवराव म्हणाले. “हाक मारीन की. भिंतीपलीकडं बोट आहे अजून.”